निळं सरबत आणि पहिला घोट

"तोंड उघडा," मंगलबाई नवऱ्याला म्हणाल्या.

व्यंकटरावांनी उघडलं नाही. ते हात धुवायच्या बेसिनला पाठ लावून उभे होते. डोक्यावर गुलाबी फेटा, अंगावर नवा कोरा सदरा, मिशीवरून पाणी ठिबकतंय आणि डाव्या मुठीत बडीशेप. त्यांच्या मुलाचा साखरपुडा होता. नवऱ्या मुलाचा बाप, पन्नाशी उलटलेला माणूस, पण उभा होता तो पकडलेल्या चोरासारखा.

"उघडा म्हणते ना मी."

त्यांनी उघडलं. मंगलबाईंनी वास घेतला आणि मागं सरकल्या. "पुन्हा?" एवढंच म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मागच्या पाच-सात बायका वळून बघायला लागल्या.

"माझ्या लेकराची शपथ घेऊन सांगतो, म्या घेतली न्हाई. त्या सरबतात हाय दारू."

मागून कुणीतरी हसलं. पिणारा माणूस काय काय सांगतो हे त्यांच्या घरात सगळ्यांनी ऐकलेलं असणार. खोकल्याच्या औषधात होती, सोड्यात कुणी टाकली, प्रसादात होती. आता म्हणे साखरपुड्याच्या सरबतात.

मी चार हात अंतरावर उभी होते. सरबतात दारू आहे हे त्या क्षणी त्या हॉलमध्ये तिघांना माहीत होतं. व्यंकटरावांना, मला, आणि हॉलच्या कॅप्टनला. त्यातल्या एकाचंच तोंड उघडलं होतं आणि त्याच्यावर कुणाचाही विश्वास नव्हता.

मी मूळची नांदेडची. बारमध्ये काम करणाऱ्यांना शिकवणं हा माझा धंदा. कुठली दारू कशी ओळखायची, कुठल्या ग्लासात द्यायची, कशात मिसळायची आणि कशात मिसळायची नाही. आई शेजारपाजारी सांगते, "आमची लेक हॉटेल मॅनेजमेंटची मास्तरीण हाय." खोटं नाही ते. लातूरच्या एका हॉटेलनं खालच्या परमिट रूमचं रूप पालटून नवा बार केला होता आणि पोरांना तयार करायला मला बोलावलं होतं. वरच्या मजल्यावर कार्याचा हॉल. खाली दारू, वर साखरपुडे, बारशी आणि सत्यनारायण. जिना एकच.

सकाळी मी पहिला धडा घेतला तो स्ट्रॉचा. बारमनने बनवलेलं प्रत्येक ड्रिंक बाहेर जाण्याआधी स्वतः चाखायचं असतं. स्ट्रॉ ग्लासात बुडवायची, वरच्या टोकावर बोट दाबून धरायचं, थेंबभर वर येतं, ते जिभेवर सोडायचं. मग ती स्ट्रॉ फेकून द्यायची. गोड जास्त झालं, लिंबू कमी पडलं, चुकीची बाटली ओतली गेली, सगळं तिथंच कळतं. जगभर चालणारी ही साधी रीत आहे.

लातुरात चालली नाही.

"मॅडम, हे काय जमायचं न्हाई," नामदेव म्हणाला. वरच्या हॉलचा कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा म्होरक्या. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आयुष्यात सुपारीही न खाल्लेला माणूस. मालकानं सगळ्यांना बसायला लावलं म्हणून तोही बारमध्ये अंग चोरून बसला होता. "पाव्हण्याला द्यायच्या आधी आपण तोंड लावायचं? उष्टं होतंय की."

"तोंड लागत नाही. स्ट्रॉ लागते, तीही परत आत जात नाही."

"तरी बी. मनाला पटत न्हाई. आमच्यात वाढणारा आधी चाखत न्हाई."

पोरांनी माना डोलावल्या. मी चिडले. मी जरा लवकरच चिडते, ते माझ्या कामात बसत नाही पण आहे ते आहे. म्हटलं, "डॉक्टरनं सुई टोचायच्या आधी औषधाचं नाव वाचू नये का?" नामदेव नुसता हसला आणि उठला. वर साखरपुडा होता, मांडणी करायची होती. पुढचा धडा त्याला लागू नाही असं तोही समजला आणि मीही.

पुढचा धडा लिक्युअरचा होता.

हा शब्द ऐकला की आपल्याकडं लोकांना लिकर वाटतं. दोन्ही वेगळे. लिकर म्हणजे सगळीच दारू. व्हिस्की, रम, ब्रँडी, जिन, व्होडका यांना आम्ही स्पिरिट म्हणतो. धान्य, मळी किंवा फळं आंबवायची आणि भट्टीवर चढवून अर्क काढायचा. आणि त्या स्पिरिटमध्ये साखर, फळांच्या साली, कॉफी, साय, मसाले घालून मुरवलं की झालं लिक्युअर. मी पोरांना सांगते, दारूचा मुरांबा समजा. मुरांबा कुणी वाटीभर खात नाही, बोटभर खातो. लिक्युअरही तसंच. जेवण झाल्यावर, छोट्या ग्लासात, गप्पा मारत घोट घोट. कॉफीचं लिक्युअर बर्फावर घ्यावं. सायीच्या लिक्युअरमध्ये लिंबू कधी पिळू नये. आपल्याकडं दिसेल त्यात लिंबू पिळायची सवय, आणि मग ग्लासात पनीर तयार झालं की बारमनला शिव्या. ब्रँडीचा ग्लास तळहातात धरावा, हाताच्या उबेनं वास मोकळा होतो. आणि काहीही पिण्याआधी नाकानं प्यावं.

"मॅडम, पण गोड हाय मग चढत न्हाई ना?" एका पोरानं विचारलं.

"चढतं. गोड असतं म्हणून कळत नाही, एवढंच."

मग मी त्यांना फिनिश समजावली. घोट गिळल्यावर चव घशात किती वेळ रेंगाळते, ती फिनिश. स्वस्त माल घसा जाळून निघून जातो. चांगला माल बराच वेळ राहतो. लांब फिनिश म्हणजे कौतुकाची गोष्ट, हे मी फार रंगवून सांगितलं. आणि जेवायला सुटी केली.

परत आले तेव्हा फळीवर लिक्युअरच्या दोन बाटल्यांची जागा रिकामी होती. संत्र्याच्या कडवट सालींचं एक लिक्युअर असतं, रंग शाईसारखा निळा. नाव ब्लू क्युरासाव. दुपारी मला तेच शिकवायचं होतं, आणि त्यातला धोकाही. कारण त्याच नावाचं, त्याच रंगाचं एक सिरपही मिळतं, त्यात दारूचा थेंब नसतो. लग्नाच्या हॉलमध्ये दारातच जे निळं सरबत देतात ते त्या सिरपचं. बाटल्या जवळपास सारख्या. नाव तेच. खाली बारीक इंग्रजी अक्षरात एकीवर सिरप, दुसरीवर लिक्युअर.

"निळी कुठंय?" मी विचारलं.

बारमन बालाजी ग्लास पुसत होता. "नामदेवमामा वर घेऊन गेले. सरबत संपलं म्हणत होते. ऐन वक्ताला पाव्हणे वाढले."

मला आधी ते कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, अर्थ पोचला नाही. मग पोचला. मी विचारलं, "दोन्ही?" तो म्हणाला, "हाव." आणि माझा चेहरा बघून त्याच्या हातातला ग्लास खाली टेकला.

जिना मी कसा चढले ते आठवत नाही. हॉलच्या दाराशी सरबताचं स्टीलचं पिंप, खाली नळ, आणि नामदेव स्वतः ग्लास भरून देत होता. मी पिंपाचं झाकण उचलून नाक आत घातलं. संत्र्याची साल, लिंबू, आणि त्यामागं ते. स्ट्रॉ बुडवून चाखलं. साखर आणि सोड्यात चव दडली होती, पण होती. बिअरपेक्षा फिकं, तरी दारू ती दारू.

"बंद करा. एक ग्लास द्यायचा नाही."

"काय झालं मॅडम?"

"हे कशाचं केलं?"

"निळीचं. खालून आणली. कंपनी दुसरी होती, लिक्युअर का काय."

"ते कंपनीचं नाव नाही नामदेव. दारू आहे ती."

नामदेवचा चेहरा मी विसरणार नाही. माणूस एकदम रिकामा झाल्यासारखा खाली बसला. पिंपाशेजारच्या स्टुलावर, ओल्या फरशीवर पाय. "म्या तर चाखलं बी न्हाई," तो म्हणाला.

"तेच तर."

सुदैव इतकंच की पहिलं पिंप खऱ्या सिरपचं होतं, आणि पोरंसोरं सगळ्यात आधी तिथंच तुटून पडलेली. दुसरं पिंप भरलं ते मुलाकडचे लातूरजवळच्या मुरुडहून आले त्या सुमाराला. म्हणजे हे मोठ्या माणसांच्या पोटात गेलं होतं. मी नामदेवला म्हटलं, डॉक्टरला बोलवा, आणि कुण्या लेकराला, कुण्या गरोदर बाईला दुसऱ्या पिंपातलं दिलं का ते आठवा. तो आठवतच होता तेवढ्यात बेसिनकडून मंगलबाईंचा आवाज आला.

व्यंकटराव तहानलेले आले होते. अर्धा ग्लास एका दमात प्याले, आणि घशाखाली उतरताक्षणी त्यांना कळलं. बाकीच्या हॉलला लिंबू-साखर लागली. त्यांनी कित्येक वर्षं थेंब घेतला नव्हता, पण त्याआधी कित्येक वर्षं दुसरं काही घेतलं नव्हतं. ते घाबरून बेसिनकडं पळाले. चुळा भरल्या. वास जावा म्हणून बडीशेप तोंडात टाकली. थोडक्यात, चोरून पिऊन आलेला माणूस जे जे करतो ते सगळं त्यांनी केलं. मंगलबाईंचा उपवास होता, त्यांनी सरबताला हात लावला नव्हता. म्हणून त्यांना वास आला. बाकी सगळ्यांच्या नाकातोंडात तोच वास भरलेला, कुणाला काय येणार?

आता मुलीचे चुलते पुढं आले. माधवराव. औशाचे. भावाच्या माघारी पुतणीला यांनीच वाढवलेलं. पांढरीशुभ्र टोपी, गळ्यात तुळशीची माळ, आवाज खणखणीत.

"व्यंकटराव, बोलणी झाली तवा मी काय म्हणलो होतो? तुमची जमीन बघितली न्हाई, घर बघितलं न्हाई. एकच इचारलं. सुटली का? तुम्ही छातीवर हात ठिवून सांगितलं, सुटली."

"सुटलीच हाय."

"मग ह्यो वास कशाचा? ज्या दिवशी वास आला त्या दिवशी सोयरीक संपली, हे बी म्हणलो होतो का न्हाई? माझी पोरगी मी ह्या घरात देणार न्हाई."

नवरा मुलगा स्टेजवरून खाली आला होता. बापाकडं त्यानं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ती मान मला बघवेना.

मालक तेवढ्यात पोचले. बालाजीनं त्यांना सांगितलं असणार, कारण त्यांनी मला सरळ खांबाआड ओढलं.

"मॅडम, तोंड बंद. एक शब्द बोलायचा न्हाई."

"बोलायचं नाही म्हणजे? लोकांनी प्यायलंय ते."

"चढलं का कुणाला? न्हाई. कळलं का? न्हाई. उगं कशाला? हॉल फोडतील लोक. माळकरी हायत त्यात, बायाबापड्या हायत. लायसन जाईल."

"आणि तो माणूस?"

मालक व्यंकटरावांकडं नजर टाकून म्हणाले, "त्याचं काय एवढं? तो पैल्यापासून पिणाराच."

बाटल्या गेल्याचं कळलं तेव्हा बसला त्याहून मोठा धक्का मला इथं बसला. बारच्या धंद्यात मी पुष्कळ पाहिलंय. पाणी मारलेली व्हिस्की पाहिली, एका बाटलीतली दुसरीत गेलेली पाहिली. पण एका माणसानं मरमर करून दारू सोडावी, आणि आपण नकळत त्याच्या घशात ओतून वर त्यालाच पिणारा म्हणावं?  मला राग आला, आणि राग आला की मला बोलता येतं.

मी गर्दीत शिरले. माधवरावांसमोर उभी राहिले.

"काका, तुम्ही सरबत किती ग्लास घेतलं?"

"तू कोण बाई?"

"मी इथं कामाला आले. किती घेतलं?"

"तीन घेतलं. गोड लागलं म्हणून घेतलं. मग? आमच्याच कार्यात आमाला मोजून देताव का?"

"काकू कुठं आहेत?"

त्यांच्या मंडळी पुढं आल्या. ठेंगण्याशा, हातात ओटीचं ताट. मी विचारलं, "तुम्ही सरबत प्यालात?"

"न्हाई बाई, मला शुगर हाय."

"मग काकांच्या तोंडाचा वास घ्या."

हॉलमध्ये एकदम कल्ला झाला. काय बोलायली ही? कोण हाय ही बाई? मालक मागून "मॅडम, मॅडम" करत होते. माधवराव तर लालच झाले. "माझा वास? सात पिढ्यांत कुणी शिवलं न्हाई दारूला! घे गं, घे वास! घे, आन सांग सगळ्यांना!" आणि त्यांनी बायकोसमोर मोठ्यानं फुंकर मारली.

काकूंच्या हातातलं ताट कलंडलं. नारळ गडगडत गेला.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "अहो, तुमच्या बी तोंडाला तसाच यायलाय!"

 माधवरावांचा हात आपोआप गळ्यातल्या माळेकडं गेला.  मागं खुर्ची होती म्हणून बरं, नाहीतर खालीच बसले असते.

मग मी मोठ्यानं सांगितलं. चुकून लिक्युअर पडलं, दुसऱ्या पिंपात, फार थोडं आहे पण आहे, डॉक्टर येताहेत, व्यंकटराव पहिल्यापासून खरं बोलत होते. शेवटचं वाक्य मी दोनदा सांगितलं.

पुढं जे झालं ते वर्णन करण्यासारखं नाही. लोक ओंजळीत फुंकर मारून स्वतःचाच वास घ्यायला लागले. बेसिनवर झुंबड उडाली. एका म्हाताऱ्यांनी देवाचं नाव घेत सोवळ्याचं उपरणं फेकून दिलं. कुणीतरी मालकाची कॉलर धरली. नामदेव आपण होऊन पुढं आला आणि हात जोडून उभा राहिला, "गुन्हेगार मी हाय, मारा मला," म्हणाला, आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. मालकांना शेवटी माइकवरून माफी मागावी लागली. डॉक्टरांनी येऊन सगळ्यांना तपासलं. कुणाला काही झालं नव्हतं. त्या गोंधळात एक गृहस्थ माझ्या कानाशी लागून विचारून गेले, "मॅडम, ते पिंप फेकलं का हाय अजून?" माणसं ती माणसंच.

माधवराव उठले तेव्हा हॉल जरा निवला होता. ते व्यंकटरावांना शोधत मागच्या जिन्याशी गेले. मीही गेले. व्यंकटराव पायरीवर बसले होते, फेटा मांडीवर. त्यांचे हात थरथरत होते. साधं कापणं नाही ते, बोटं स्वतःच्या ताब्यात नसल्यासारखी.

"व्यंकटराव, चुकलं माझं," माधवराव म्हणाले. "सोयरीक हाय. पक्की हाय. चला."

व्यंकटरावांनी मान हलवली, पण उठले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, तुमाला ह्यातलं कळतं म्हणून इचारतो. घशात अजून हाय ती. हे कधी जातं?"

सकाळी मी लांब फिनिशचं कौतुक केलं होतं. त्याची मला त्या पायरीवर लाज वाटली.

"ताक प्या. थोडी भाकरी खा. जाईल," मी म्हटलं.

"घशातली जाईल," ते म्हणाले.

मंगलबाई येऊन शेजारी बसल्या.  त्यांनी नवऱ्याची मूठ उघडली, भिजून लगदा झालेली बडीशेप काढून जिन्याखाली टाकली आणि तो हात दोन्ही हातात दाबून धरला. थरथर थांबेपर्यंत तशाच बसून राहिल्या. साखरपुडा उशिरा झाला, पण झाला.

त्या हॉटेलनं मला पुन्हा बोलावलं नाही. ते ठीकच. बालाजीनं नंतर फोन करून सांगितलं की लिक्युअरच्या सगळ्या बाटल्यांच्या गळ्यात आता लाल दोरा बांधलाय आणि फळीला कुलूप आहे. नामदेव अजून वरच आहे. पिंप भरलं की पोराकडून स्ट्रॉ मागून घेतो म्हणे. चाखताना डोळे मिटतो.

लग्न मुरुडला होतं. मला बोलावणं आलं, आणि मी गेले. मांडवाच्या दारात सरबत नव्हतं, ताक होतं. मातीचा मोठा रांजण, आणि त्याच्याशी व्यंकटराव स्वतः उभे. गुलाबी फेटा तोच. मला पाहून त्यांनी ग्लास भरला आणि पुढं केला.

"पैला घोट तुमचा. मग मी घेतो."

"उष्टं होईल की," मी म्हटलं.

"होऊ द्या."

मी घोट घेतला. ताकात मीठ जरा जास्त होतं, तसं सांगितलं. त्यांनी ग्लास माझ्या हातातून घेतला आणि उरलेलं ताक तिथंच उभ्यानं पिऊन टाकलं.

मी अजूनही पहिला धडा स्ट्रॉचाच घेते. उष्टं होतं असं अजूनही कुणीतरी म्हणतंच. पूर्वी मी समजावत बसायचे. आता म्हणते, होऊ दे.